संगणक प्रणालींचे प्रसंभाव्य प्रतिमानीकरण

संगणक प्रणालींचे प्रसंभाव्य प्रतिमानीकरण ही संभाव्यताशास्त्र आणि संगणकशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासशाखा आहे. संगणक प्रणालीकडे काम केव्हा येईल, ते पूर्ण होण्यास किती वेळ लागेल आणि प्रणालीत बिघाड केव्हा होईल, हे आधी नेमके सांगता येत नाही. मात्र या अनिश्चिततेला ठरावीक रूप असते. ते रूप गणिताच्या भाषेत मांडून प्रणाली काळाच्या ओघात कशी वागेल याचा अंदाज बांधणे, हे या शाखेचे उद्दिष्ट होय. प्रतिसादास लागणारा वेळ, रांगेची लांबी, प्रणालीची विश्वसनीयता व उपलब्धता आणि आवश्यक क्षमता या राशींचा अभ्यास यात प्रामुख्याने केला जातो.

बँकिंग, शेअर बाजार, रेल्वे आरक्षण, परीक्षांचे निकाल आणि मोबाइलवरून होणारे पैशांचे व्यवहार संगणकांवर अवलंबून असल्यामुळे या शाखेला व्यावहारिक महत्त्व आले आहे. ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेल परिसरांत मोठी डेटा सेंटरे असलेली नवी मुंबई हे या प्रतिमानांच्या उपयोगाचे भारतातील एक ठळक क्षेत्र आहे.

==संकल्पना==

संगणकाची प्रत्येक आज्ञा ठरलेल्या नियमांनुसार चालते. तरीही हजारो वापरकर्त्यांना एकाच वेळी सेवा देणाऱ्या प्रणालीचे एकूण वर्तन आधी ठरवता येत नाही, कारण वापरकर्ते परस्परांना न विचारता विनंत्या पाठवतात, प्रत्येक विनंतीचे काम कमीअधिक असते आणि यंत्राचे भाग वेगवेगळ्या वेळी निकामी होतात. अशा प्रणालीचा अभ्यास करताना पुढील संज्ञा वापरल्या जातात.

* यादृच्छिक चल : ज्याचे मूल्य योगायोगावर अवलंबून असते अशी राशी. उदाहरणार्थ, दोन विनंत्यांमधील कालांतर.
* वितरण : यादृच्छिक चलाची कोणती मूल्ये किती संभाव्य आहेत, याचे वर्णन.
* अवस्था : एखाद्या क्षणी प्रणालीचे पुरेसे वर्णन. उदाहरणार्थ, ‘रांगेत चार विनंत्या आहेत व दोन्ही सर्व्हर चालू आहेत’.
* प्रसंभाव्य प्रक्रिया : काळानुसार योगायोगाने बदलत जाणाऱ्या अवस्थांचा क्रम.

प्रणालीचे वर्तन दोन प्रकारे अभ्यासले जाते. दीर्घकाळ चालल्यानंतर प्रणालीची सरासरी वागणूक जेथे ठरते, त्याला स्थिर अवस्था म्हणतात. सुरुवातीनंतर, बिघाडानंतर किंवा भार अचानक वाढल्यावर प्रणाली क्षणाक्षणाला कशी बदलते, त्याला क्षणिक वर्तन म्हणतात. स्थिर अवस्थेचे गणित तुलनेने सोपे असते. वापरकर्त्यांना होणारा त्रास मात्र बहुधा क्षणिक वर्तनातून उद्भवतो.

==इतिहास==

या शाखेची दोन मुळे संगणकाच्या जन्माआधीची आहेत. रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९०६ मध्ये परस्परावलंबी घटनांच्या साखळ्यांचा अभ्यास मांडला. १९१३ मध्ये त्यांनी पुश्किन यांच्या ‘येव्गेनी ओनेगिन’ या काव्यातील २०,००० अक्षरे मोजून स्वर व व्यंजने एकमेकांमागून कशी येतात, हे या पद्धतीने दाखवले. दुसरे मूळ दूरध्वनीचे आहे. कोपनहेगन दूरध्वनी कंपनीतील डॅनिश अभियंते ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी संभाषणांच्या आगमनाचे गणित प्रसिद्ध केले. ठरावीक वाहिन्या असताना किती ग्राहकांना वाहिनी मिळणार नाही, याची सूत्रे त्यांनी १९१७ मध्ये दिली. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९३१ मध्ये सतत काळात बदलणाऱ्या मार्कोव्ह प्रक्रियांना भक्कम गणिती पाया दिला.

डेव्हिड केंडॉल यांनी १९५३ मध्ये रांगांच्या वर्गीकरणाची संकेतपद्धती सुचवली. १९५६ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी भरवशाचे नसलेले घटक जोडून भरवशाची प्रणाली कशी उभारता येईल, याचा संभाव्यतेच्या अंगाने विचार मांडला. जेम्स जॅक्सन यांनी १९५७ व १९६३ मध्ये रांगांच्या जाळ्यांची उकल केली, तर जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये पुढे त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झालेला नियम सिद्ध केला.

प्रत्यक्ष संगणकासाठी या गणिताचा प्रारंभीचा महत्त्वाचा उपयोग ॲलन शेर यांनी एमआयटीतील १९६५ च्या प्रबंधात केला. अनेक वापरकर्त्यांना एकाच वेळी सेवा देणाऱ्या सीटीएसएस या प्रणालीला त्यांनी कारखान्यातील ‘यंत्रे व दुरुस्ती करणारा कारागीर’ हे साधे प्रतिमान लावले. प्रतिमानातून मिळालेले प्रतिसादकाळ मोजलेल्या प्रतिसादकाळांशी चांगले जुळले. इतक्या गुंतागुंतीच्या यंत्राचे वर्तन इतक्या साध्या प्रतिमानाने सांगता येते, हे त्यामुळे लक्षात आले. १९७३ मध्ये जेफ्री ब्युझेन यांनी रांगांच्या बंद जाळ्यांसाठी जलद गणनपद्धती दिली. १९७५ मध्ये बास्केट, चँडी, मुंट्झ आणि पॅलासिओस यांनी अशा जाळ्यांचा मोठा वर्ग सोडवला. यांपैकी के. मणी चँडी हे आयआयटी मद्रासचे पदवीधर होत.

==प्रमुख प्रतिमाने==

===मार्कोव्ह साखळी===

प्रणालीची पुढची अवस्था केवळ तिच्या आजच्या अवस्थेवर अवलंबून असेल आणि ती या अवस्थेपर्यंत कोणत्या वाटेने आली याचा परिणाम होत नसेल, तर त्या प्रक्रियेला मार्कोव्ह साखळी म्हणतात. या गुणधर्मास स्मृतिहीनता असे नाव आहे. सतत काळातील मार्कोव्ह साखळीत प्रत्येक अवस्थेत घालवलेला काळ घातांकीय वितरणाचा असतो. अशा घटकाने दहा हजार तास काम केलेले असो की दहा तास, पुढच्या तासात तो बिघडण्याची संभाव्यता तेवढीच राहते.

या वितरणामुळे ‘सरासरी आयुष्य’ या संज्ञेचा नेहमीचा अर्थ फसवा ठरतो. एखाद्या घटकाचे बिघाडापर्यंतचे सरासरी आयुष्य १००० तास असेल, तर तो १००० तास विनाबिघाड चालण्याची संभाव्यता केवळ ३७ टक्के असते. ३० दिवस, म्हणजे ७२० तास, तो सलग चालण्याची संभाव्यताही सुमारे ४९ टक्केच भरते.

===एकेरी रांग===

विनंत्या यादृच्छिकपणे येतात, एक सर्व्हर त्या क्रमाने हाताळतो आणि आगमनांमधील अंतर व सेवाकाळ हे दोन्ही घातांकीय वितरणाचे असतात, अशा सर्वांत साध्या रांगेला केंडॉल यांच्या पद्धतीत एम/एम/१ म्हणतात. यातील ‘एम’ हे अक्षर मार्कोव्ह गुणधर्म दर्शवते. या रांगेत सरासरी प्रतिसादकाळ काढण्यासाठी सेवा दरातून आगमन दर वजा करून १ ला त्या वजाबाकीने भागतात. प्रतिसादकाळात रांगेतील प्रतीक्षा आणि प्रत्यक्ष सेवा या दोहोंचा समावेश होतो.

सेकंदाला सरासरी १०० विनंत्या हाताळू शकणाऱ्या सर्व्हरसाठी या सूत्रातून मिळणारी मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत.

| सेकंदाला येणाऱ्या विनंत्या | वापर | सरासरी प्रतिसादकाळ (मिलिसेकंद) | प्रणालीतील सरासरी विनंत्या |
|---|---|---|---|
| ५० | ५० टक्के | २० | १ |
| ८० | ८० टक्के | ५० | ४ |
| ९० | ९० टक्के | १०० | ९ |
| ९५ | ९५ टक्के | २०० | १९ |
| ९९ | ९९ टक्के | १००० | ९९ |

भार ५० वरून ८० वर गेल्यास प्रतिसादकाळ अडीचपट होतो. तोच ९५ वरून ९९ वर गेल्यास, म्हणजे जेमतेम ४ टक्क्यांनी वाढल्यास, प्रतिसादकाळ पाचपट होतो. सर्व्हर पूर्ण वेळ कामात असणे हे काटकसरीचे लक्षण वाटत असले, तरी यादृच्छिक भार असलेल्या प्रणालीत काही क्षमता मोकळी ठेवणे अपरिहार्य असते, हे या कोष्टकातून स्पष्ट होते.

केवळ सरासरी पाहणेही पुरेसे नसते. या रांगेत दर २० विनंत्यांपैकी एकीला सरासरीच्या सुमारे तिप्पट किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे सेवा करारांत सरासरीऐवजी ‘९५ टक्के विनंत्या अमुक वेळात पूर्ण व्हाव्यात’ अशी अट घालण्याची पद्धत आहे.

===सेवाकाळातील चढउतार===

फेलिक्स पोलाचेक यांनी १९३० मध्ये आणि अलेक्सांद्र खिंचिन यांनी १९३२ मध्ये अभ्यासलेल्या रांगेत सेवाकाळ कोणत्याही वितरणाचा असू शकतो. त्यांच्या सूत्रानुसार रांगेतील प्रतीक्षा सेवाकाळाच्या सरासरीइतकीच त्याच्या चढउतारावरही अवलंबून असते. वरील सर्व्हर ८० टक्के भाराने चालत असताना घातांकीय सेवाकाळासाठी रांगेतील सरासरी प्रतीक्षा ४० मिलिसेकंद असते. प्रत्येक विनंतीला नेमके १० मिलिसेकंद लागत असतील, तर ती २० मिलिसेकंदांवर येते. सेवाकाळाचे प्रमाण विचलन सरासरीच्या तिप्पट असेल, तर तीच प्रतीक्षा २०० मिलिसेकंदांपर्यंत जाते. तिन्ही बाबतींत सर्व्हर तोच, सरासरी सेवाकाळ तोच आणि भारही तोच असतो. वर्षभराचा अहवाल तयार करण्यासारखे मोठे काम आणि खात्यातील शिल्लक दाखवण्यासारखे किरकोळ काम वेगवेगळ्या सर्व्हरांवर ठेवण्यामागे हेच कारण असते.

===अनेक सर्व्हर===

एकाच रांगेतून अनेक सर्व्हरांना काम वाटल्यास प्रतीक्षा कमी होते. वरील क्षमतेचे दोन सर्व्हर असून प्रत्येकाची रांग वेगळी व भार ८० टक्के असेल, तर सरासरी प्रतिसादकाळ ५० मिलिसेकंद असतो. त्याच दोन सर्व्हरांपुढे एक सामायिक रांग ठेवल्यास तो सुमारे २८ मिलिसेकंदांवर येतो. एक सर्व्हर रिकामा असताना दुसऱ्याच्या रांगेत काम तुंबून राहण्याचा प्रकार सामायिक रांगेत घडत नाही. रेल्वे स्थानकावरील तिकीट खिडक्यांनाही हाच नियम लागू पडतो.

===लिटलचा नियम===

स्थिर अवस्थेतील प्रणालीत असलेल्या विनंत्यांची सरासरी संख्या ही आगमन दर आणि सरासरी मुक्काम यांच्या गुणाकाराइतकी असते. हा नियम वितरणाच्या प्रकारावर अवलंबून नसल्यामुळे तो सर्वत्र वापरला जातो. भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाच्या यूपीआय प्रणालीवरील व्यवहारांनी ऑगस्ट २०२३ मध्ये प्रथमच एका महिन्यात १००० कोटींचा टप्पा ओलांडला. ३१ दिवसांच्या महिन्यात १००० कोटी व्यवहार म्हणजे सेकंदाला सरासरी सुमारे ३,७३० व्यवहार होत. प्रत्येक व्यवहार पूर्ण होण्यास सरासरी २ सेकंद लागतात असे मानल्यास कोणत्याही क्षणी सरासरी ७,४०० हून अधिक व्यवहार अर्धवट अवस्थेत असतात. प्रतिसाद ४ सेकंदांवर गेला, तर व्यवहारांची संख्या न वाढताही प्रणालीला दुप्पट अर्धवट व्यवहार सांभाळावे लागतात.

===विश्वसनीयता आणि उपलब्धता===

ठरावीक काळ विनाबिघाड चालण्याची संभाव्यता म्हणजे विश्वसनीयता, तर एखाद्या क्षणी प्रणाली चालू असण्याची संभाव्यता म्हणजे उपलब्धता. सरासरी १००० तासांनी बिघडणारा आणि दुरुस्तीस सरासरी १० तास लागणारा सर्व्हर ९९.०१ टक्के काळ उपलब्ध असतो. ही टक्केवारी मोठी दिसत असली, तरी त्याचा अर्थ वर्षाकाठी सुमारे ८७ तास बंद असा होतो.

असे दोन सर्व्हर ठेवले, त्यांपैकी एक चालू असणे पुरेसे मानले आणि दोघांचे बिघाड व दुरुस्त्या परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर सेवा बंद राहण्याचा काळ वर्षाला सुमारे ५२ मिनिटांवर येतो. मात्र दुरुस्ती करणारे पथक एकच असेल, तर दुसऱ्या सर्व्हरला पहिल्याची दुरुस्ती होईपर्यंत थांबावे लागते. ‘दोन्ही चालू’, ‘एक चालू’ आणि ‘दोन्ही बंद’ अशा तीन अवस्थांची मार्कोव्ह साखळी सोडवल्यास या स्थितीत बंद काळ सुमारे १०३ मिनिटे, म्हणजे जवळजवळ दुप्पट येतो. येथे यंत्रे बदललेली नाहीत; बदल केवळ मनुष्यबळात आहे.

==काळानुसार बदलणारा भार==

स्थिर अवस्थेची सूत्रे भाराचा सरासरी दर कायम आहे असे मानतात. अनेक सार्वजनिक सेवांमध्ये तसे नसते. रेल्वेचे तत्काळ आरक्षण वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता सुरू होते. शेअर बाजारातील नियमित व्यवहार सव्वानऊला सुरू होतात. त्या क्षणांच्या आसपास भार एकदम उसळतो.

दहावीच्या निकालाचा दिवस हे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण आहे. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेला दरवर्षी १५ लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात. मंडळाच्या मुंबई विभागाचे कार्यालय नवी मुंबईतील वाशी येथे आहे. समजा, १५ लाख विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एकदाच निकाल पाहिला. दिवसभराची सरासरी काढल्यास सेकंदाला जेमतेम १७ विनंत्या येतात आणि एखादा सामान्य सर्व्हरही पुरेसा वाटतो. पण निम्म्या विद्यार्थ्यांनी पहिल्या १० मिनिटांत प्रयत्न केला, तर हा दर सेकंदाला १,२५० होतो. प्रणालीची क्षमता सेकंदाला ५०० विनंत्यांची असेल, तर दर सेकंदाला ७५० विनंत्या मागे राहतात आणि दहाव्या मिनिटाच्या अखेरीस साडेचार लाख विनंत्या तुंबतात. त्या वेळी आलेल्या विद्यार्थ्याला सुमारे १५ मिनिटे थांबावे लागते.

प्रत्यक्षात कोणीही एवढा वेळ शांतपणे वाट पाहत नाही. विद्यार्थी व पालक पुनःपुन्हा प्रयत्न करतात, त्यातून नव्या विनंत्या निर्माण होतात आणि रांग वाढतच जाते. अशा प्रतिमानात पुनर्प्रयत्नांचा दरही समाविष्ट करावा लागतो. निकाल एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर उपलब्ध करणे, निकालाचे पान आधीच तयार ठेवणे आणि विनंत्यांना क्रमांक देऊन थांबवणे हे उपाय याच विश्लेषणाशी सुसंगत आहेत.

==सॉफ्टवेअरचे वार्धक्य==

दीर्घकाळ सतत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्मृतीची गळती, न सोडलेली साधने आणि साचत जाणाऱ्या आकडेमोडीच्या चुका यांमुळे हळूहळू दोष वाढतो. याला सॉफ्टवेअरचे वार्धक्य म्हणतात. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पेट्रियट क्षेपणास्त्ररोधक प्रणाली येणाऱ्या क्षेपणास्त्राचा माग काढू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. प्रणाली सुमारे १०० तास सलग चालू होती. वेळेच्या गणनेतील प्रत्येक वेळी होणारी सूक्ष्म चूक तोवर साचून सुमारे ०.३४ सेकंद झाली होती. प्रणाली मध्ये पुन्हा सुरू केली असती, तर ही चूक शून्यावर आली असती.

१९९५ मध्ये हुआंग, किंताला, कोलेटिस आणि फुल्टन यांनी सॉफ्टवेअरच्या कायाकल्पाचे प्रतिमान मांडले. बिघाडाची वाट न पाहता सॉफ्टवेअर ठरवून बंद करणे व ताज्या अवस्थेत पुन्हा सुरू करणे, यास त्यांनी कायाकल्प म्हटले. या प्रतिमानात ‘सुदृढ’, ‘बिघाडप्रवण’, ‘बंद पडलेली’ आणि ‘कायाकल्प चालू’ अशा चार अवस्था आहेत. बिघाड पूर्णतः स्मृतिहीन असेल, तर पुन्हा सुरू केल्याने काहीच लाभ होत नाही, कारण जुनी प्रणाली नव्याइतकीच चांगली असते. वार्धक्य असेल तेव्हाच कायाकल्प उपयोगी ठरतो आणि तो किती वेळाने करावा, हे नियोजित बंद व अनपेक्षित बंद यांच्या तुलनात्मक खर्चावरून काढता येते. कमी वर्दळीच्या वेळी, बहुधा मध्यरात्रीनंतर, देखभालीसाठी सेवा थांबवण्याच्या प्रथेमागे हेच तत्त्व आहे.

==नवी मुंबईतील उपयोग==

नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. ठाणे-बेलापूर मार्गालगतचा एमआयडीसीचा पट्टा पूर्वी प्रामुख्याने रसायन व अभियांत्रिकी कारखान्यांचा होता. पुढे याच पट्ट्यात आणि पनवेल परिसरात डेटा सेंटरे उभी राहिली. मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालील केबली, वित्तसंस्थांचे सान्निध्य, औद्योगिक वीजपुरवठा आणि उपलब्ध जमीन ही त्यामागील मुख्य कारणे होत. भारतीय स्टेट बँकेचे माहिती तंत्रज्ञान केंद्र सीबीडी बेलापूर येथे आहे. पनवेल येथील योट्टा एनएम१ हे मोठे डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झाले.

डेटा सेंटरच्या रचनेत वीज, शीतकरण आणि संपर्कजाळे यांच्या पर्यायी व्यवस्था किती ठेवायच्या, हा खर्चाचा मोठा प्रश्न असतो. त्याचे उत्तर संभाव्यतेने शोधले जाते. एका केंद्राला दोन डिझेल जनित्रे लागतात आणि गरजेच्या वेळी एखादे जनित्र सुरू न होण्याची संभाव्यता २ टक्के आहे, असे मानू. दोनच जनित्रे असतील, तर पुरेशी वीज न मिळण्याची संभाव्यता सुमारे ४ टक्के असते. तिसरे जनित्र जोडल्यास ती सुमारे ०.१२ टक्के होते. एका वाढीव यंत्राने जोखीम तेहतीस पटींहून अधिक घटते. गरजेपेक्षा एक जास्त यंत्र ठेवण्याची पद्धत यामुळेच सर्वत्र रूढ आहे.

अपटाइम इन्स्टिट्यूट या संस्थेच्या चार श्रेणींपैकी तिसरीशी ९९.९८२ टक्के आणि चौथीशी ९९.९९५ टक्के उपलब्धतेचे आकडे पूर्वापार जोडले जातात. त्यांचा अर्थ वर्षाला अनुक्रमे सुमारे १.६ तास आणि २६ मिनिटे बंद असा होतो.

===सामायिक कारणांचे बिघाड===

वरील गणिते घटकांचे बिघाड स्वतंत्र असतात या गृहीतकावर उभी आहेत. मुंबई महानगर प्रदेशातील दोन घटनांतून या गृहीतकाची मर्यादा लक्षात येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि महानगराचा मोठा भाग एकाच वेळी ठप्प झाला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा व पडघा या उपकेंद्रांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्ट वाहिन्यांतील बिघाडांनंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागांचा वीजपुरवठा खंडित झाला व लोकल गाड्या थांबल्या. अशा प्रसंगी एका वसाहतीतील सर्व केंद्रांना एकाच क्षणी जनित्रांची गरज भासते. जनित्रे वेगवेगळी असली, तरी डिझेल पोहोचवणारे रस्ते आणि टँकर सामायिक असतात.

सामायिक कारणांचा परिणाम किती मोठा असतो, हे आधीच्या उदाहरणावरून दिसते. स्वतंत्र बिघाड गृहीत धरल्यास दोन सर्व्हरांची सेवा वर्षाला सुमारे ५२ मिनिटे बंद राहत होती. सरासरी दोन वर्षांतून एकदा दोन्ही सर्व्हर एकदम ५ तास बंद पडतील अशी एकच घटना प्रतिमानात घातली, तर वर्षाच्या बंद काळात अडीच तासांची भर पडते, म्हणजेच तो जवळजवळ चौपट होतो. तिसरा सर्व्हर त्याच इमारतीत ठेवून ही भर कमी होत नाही. तो दूरच्या शहरात ठेवल्यास होते. वित्तसंस्था मुख्य केंद्राखेरीज भूकंपप्रवणतेच्या दृष्टीने वेगळ्या क्षेत्रात दुसरे केंद्र राखतात, ते यासाठीच.

==अभ्यासपद्धती==

प्रतिमानीकरणाचे काम साधारणपणे चार टप्प्यांत होते. प्रथम प्रणालीच्या नोंदींमधून आगमन दर, सेवाकाळ आणि बिघाडांतील कालांतरे मोजली जातात. नंतर त्यांना अनुरूप वितरणे व अवस्था निवडून प्रतिमान रचले जाते. तिसऱ्या टप्प्यात ते सोडवले जाते: सूत्र उपलब्ध असल्यास थेट, अवस्था फार असल्यास संख्यात्मक पद्धतीने आणि तेही अवघड असल्यास सिम्युलेशनद्वारे. सिम्युलेशनमध्ये यादृच्छिक संख्या वापरून प्रणालीची कृत्रिम वाटचाल अनेकदा घडवतात व निष्कर्षांची सरासरी घेतात. शेवटी प्रतिमानाचे अंदाज प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिले जातात.

अवस्थांची संख्या घटकांबरोबर झपाट्याने वाढते. प्रत्येकी दोन अवस्थांच्या २० घटकांच्या प्रणालीत १० लाखांहून अधिक अवस्था होतात. ही अडचण हाताळण्यासाठी १९८० च्या दशकात प्रसंभाव्य पेट्री जाळी विकसित झाली. त्यांत आकृतीच्या स्वरूपात लिहिलेल्या छोट्या वर्णनापासून संगणकच मार्कोव्ह साखळी तयार करतो.

==मर्यादा==

* आगमन प्रक्रियेचे गृहीतक : दूरध्वनीसाठी योग्य ठरलेली प्वासाँ प्रक्रिया संगणक जाळ्यांना नेहमी लागू पडत नाही. लेलँड, टाकू, विलिंगर आणि विल्सन यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी इथरनेट जाळ्यावरील वाहतूक मोजून ती स्वसदृश असल्याचे दाखवले. अशा वाहतुकीतील चढउतार दीर्घ काळाची सरासरी घेतल्यावरही सपाट होत नाहीत.
* विरळ घटनांची माहिती : दशकातून एकदा घडणाऱ्या बिघाडाचा दर काही महिन्यांच्या नोंदींवरून भरवशाने काढता येत नाही.
* मानवी चुका : चुकीची आज्ञा किंवा सदोष अद्ययावतीकरण अनेक यंत्रे एकदम बंद पाडू शकते.
* अचूकतेचा आभास : उपलब्धतेची टक्केवारी दशांशानंतर तीन स्थळांपर्यंत लिहिली, तरी ती गृहीतकांइतकीच खरी असते.

==महाराष्ट्रातील संशोधन==

गोव्यात जन्मलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९४३ मध्ये यादृच्छिक फलांच्या विस्ताराविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. हाच विस्तार पुढे कारुनेन आणि लोएव्ह यांच्या नावांनी ओळखला गेला. काही लेखक त्यात कोसंबींचेही नाव जोडतात. संकेतप्रक्रिया व विदासंक्षेपण यांत त्याचा उपयोग होतो. कोसंबी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. याच संस्थेत व नंतर आयआयटी मुंबईत विवेक बोरकर यांनी मार्कोव्ह निर्णय प्रक्रिया आणि प्रसंभाव्य सन्निकटन या विषयांत काम केले.

आयआयटी मुंबईतून १९६८ मध्ये पदवी घेतलेले किशोर त्रिवेदी यांनी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात संगणक प्रणालींच्या विश्वसनीयतेवर दीर्घ संशोधन केले. संभाव्यता, विश्वसनीयता व रांगांचे सिद्धांत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र मांडणारे त्यांचे पाठ्यपुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. सॉफ्टवेअरच्या वार्धक्याच्या अभ्यासातही त्यांचा मोठा वाटा आहे. आयआयटी मुंबईतील वर्षा आपटे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘पर्फसेंटर’ हे साधन मांडले. अनेक सर्व्हरांवर चालणाऱ्या सेवेचे वर्णन दिल्यास तिचा प्रतिसादकाळ आणि तिची क्षमता यांचा अंदाज या साधनाने काढता येतो.

==हेही पाहा==

* संभाव्यता
* मार्कोव्ह साखळी
* रांग सिद्धांत
* विश्वसनीयता अभियांत्रिकी
* डेटा सेंटर
* नवी मुंबई
* दामोदर धर्मानंद कोसंबी